सहाचा फरक

४ जानेवारी

रोजनिशी लिहिण्याचा नाद मला कधीच नव्हता. विद्यार्थ्यांना मात्र जन्मभर सांगत आले, केलेलं काम तारीख घालून लिहा. आता ते स्वतःला लागू करते. प्रकाशिकेला माझ्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती मार्चअखेर हवी आहे आणि अडुसष्टाव्या वर्षी डोक्यातल्या तारखांवर विसंबणं बरं नाही.

ती आज सकाळी घरी आली होती. पहिली आवृत्ती तिच्या वडिलांनी काढली तेव्हा ती शाळेत होती. आता तिचे केस पिकायला लागलेत, तरी माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवरच बसते.

"बाई, पुस्तकात सगळं आहे," ती म्हणाली. "इंटरपोलेशन आहे, न्यूमरिकल इंटिग्रेशन आहे. पण फरकांच्या कोष्टकातून चूक कशी पकडायची, तेवढंच नाही. अकरा कॉलेजांतून पत्रं आलीत."

"अभ्यासक्रमात नाही."

"गेली चौदा वर्षं आहे, बाई."

धाकटी बहीण आतून ओरडली, "ताईचा अभ्यासक्रम वेगळा असतो!" ती निवृत्त नर्स आहे. वॉर्डात चाळीस वर्षं दबक्या आवाजात बोलली, त्याची भरपाई आता माझ्या घरात चालते.

शेवटी कबूल केलं. नवा विभाग लिहीन, नऊ-दहा पानांचा. जाता जाता प्रकाशिका म्हणाली, "आमचे अक्षरजुळणी करणारे गृहस्थ आहेत ना, ते म्हणाले हे पुस्तक दुसऱ्या कोणाला देऊ नका, मीच करतो."

म्हटलं, चला, एक तरी वाचक मिळाला.

११ जानेवारी

पहिल्या दोन प्रकरणांचं प्रूफ आलं. जुळणी स्वच्छ. समासात बारीक पेन्सिलीने एक शंका: "पान ३१, ओळ ४. घात दोन हवा का?"

हवा. दोन्ही आवृत्त्यांत चुकलेला आहे. सव्वीस वर्षांत एकाही प्राध्यापकाने कळवलं नाही.

"हा माणूस जुळणी करत नाही, उदाहरणं सोडवत बसतो," मी बहिणीला म्हटलं.

"मग बिघडलं काय? असा एक तरी विद्यार्थी तुला हवाच होता."

"होता," मी म्हणाले आणि खिडकी लावायला उठले. खिडकी आधीच लावलेली होती.

१७ जानेवारी

चार सकाळी नव्या विभागाला बसले, चारही दिवस कागद फाडले. कारण मला ठाऊक आहे. या विषयाचं एकच चांगलं उदाहरण माझ्याजवळ आहे आणि ते मला वापरवत नाही. ते इथे लिहून टाकते, म्हणजे वाट मोकळी होईल.

एकतीस वर्षांपूर्वीची वार्षिक परीक्षा. पेपर मी काढलेला. एका प्रश्नात नऊ आकडे दिले होते: ४२, ६०, ९४, १५०, २३४, ३५२, ५१०, ७१४, ९७०. सिम्प्सनच्या नियमाने वक्राखालचं क्षेत्रफळ काढा. उत्तर २५९७.३३. पण छापून आलेल्या पेपरात २३४ च्या जागी २४३ पडलं होतं. साठ मुलांनी छापील आकडा धरून २६०३.३३ आणलं, म्हणजे सहाने जास्त. पेपर तपासताना हे लक्षात आलं, तेव्हा मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. छापील आकडा चुकीचा, त्यात मुलांचा काय दोष?

एकसष्टाव्याने २५९७.३३ लिहिलं होतं. आकड्यांच्या रांगेत त्याने स्वच्छ अक्षरात २३४ घातलं होतं. तो आकडा माझ्या हस्तलिखितात होता. छापील पेपरात कुठेच नव्हता.

हा मुलगा तिसऱ्या बाकावर बसायचा आणि तासाला निदान तीनदा हात वर करायचा. त्याचे वडील छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाचे खिळे जुळवायचे. आमचे पेपर त्याच छापखान्यात छापले जात. दोन अधिक दोन चार करायला गणिताची प्राध्यापिका लागत नाही. बापाने हस्तलिखित पाहिलं, मुलाला दाखवलं. मी लेखी तक्रार केली.

समितीत प्राचार्य, कचेरीचे प्रमुख, एक वकील आणि मी. गणितातली मी एकटीच. मुलगा उभा होता.

"बाई, मी आकड्यांचे फरक मांडले. तिसरे फरक बिघडलेले दिसले. चूक कुठे आहे ते कळलं, म्हणून दुरुस्त केला."

"ते कोष्टक कुठे आहे?"

"कच्च्या कागदावर. उत्तरपत्रिकेत कच्चं काम दिसलं तर दोन गुण कापीन, असं तुम्हीच सांगितलंय ना?"

सांगितलं होतं. आणि कच्चे कागद परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जात. तोही नियम माझाच.

"तुम्ही गोष्टी छान रचता," मी म्हणाले. वकील हसले.

मुलाचं नाव कॉलेजातून कमी झालं. वडिलांना छापखान्याने काढलं. इतिवृत्तात शब्द होते: मुद्रणदोष आणि गोपनीयतेचा भंग.

१८ जानेवारी

काल लिहिलं ते खोटं नाही. अर्धं आहे.

पेपर छापण्याआधी प्रूफ माझ्याकडे आलं होतं. त्यावर २४३ होतं. खाली माझी सही होती. समिती बसली तेव्हा तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. कोणी विचारलं नाही आणि मी काढला नाही. छापखान्याच्या मालकाला कॉलेजचं काम टिकवायचं होतं, तो कशाला बोलतोय!

हुकूम निघाल्यावर आठ दिवसांनी मी ते कोष्टक मांडलं. कृती सोपी आहे. शेजारशेजारच्या आकड्यांच्या वजाबाक्या लिहायच्या. त्या वजाबाक्यांच्या पुन्हा वजाबाक्या, आणि आणखी एकदा. आकडे तिसऱ्या घाताच्या सूत्रातून आले असतील तर तिसऱ्या रांगेत सगळीकडे एकच आकडा यायचा असतो. इथे सगळीकडे सहा यायला हवे होते. आले ते असे: ६, १५, −२१, ३३, −३, ६. प्रत्येकातून सहा काढले की उरतं ०, ९, −२७, २७, −९, ०. म्हणजे एक, तीन, तीन, एक, चिन्हं आलटूनपालटून, सगळे नवाने गुणलेले. वरची एक चूक खाली अशी पंख्यासारखी उघडते आणि पंख्याची मूठ बरोबर पाचव्या आकड्यावर येते. तो नवाने जास्त आहे. शेजारच्या दोन अंकांनी जागा बदलली की फरक नेहमी नवाच्या पटीत पडतो. म्हणजे २४३ नव्हे, २३४.

मला पाच मिनिटं लागली. त्याला परीक्षेत बहुधा चार लागली असतील.

ही रीत त्याच वर्षी सप्टेंबरात मीच वर्गात शिकवली होती. वर्गातल्या एकसष्टांपैकी एकाने ती शिकून घेतली. पुढच्या वर्षापासून मी ती शिकवणं बंद केलं. अभ्यासक्रमात नाही, म्हणाले.

मी का बोलले नाही? विभागप्रमुख म्हणून माझं नाव वर गेलं होतं. बाईमाणसाला एवढं मोठं खातं झेपेल का, असं विचारणारे टपून बसले होते, आणि मी प्रूफ न वाचता सही केली होती. एवढंच. दुसरं काही सुचत नाही. सुचलं असतं तर तेही लिहिलं असतं.

मुलं माझ्यामागे मला 'फरकबाई' म्हणत. मला ते आवडायचं.

२३ जानेवारी

बहिणीला सगळं सांगितलं. शेंगा सोलत होती, थांबली नाही.

"आमच्याकडे पेशंटला चुकीचं औषध गेलं तर त्याच मिनिटाला डॉक्टरला सांगायचं असतं," ती म्हणाली. "ओरडा खायचा, रडायचं असलं तर बाथरूममध्ये जाऊन रडायचं, पण आधी सांगायचं. तू किती वेळ घेतलास?"

"एकतीस वर्षं."

"पेशंट आहे की गेला?"

"मला माहीत नाही."

"मग आधी ते बघ, ताई. पुस्तक काय, होईल."

२ फेब्रुवारी

जुन्या छापखान्याच्या गल्लीत गेले. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. काचेआड शंभर चष्मे माझ्याकडे बघत होते. शेजारचं बाइंडिंगचं दुकान मात्र जुनंच आहे. एक म्हाताऱ्या बाई वह्यांच्या पाठीला खळ लावत बसल्या होत्या.

"कंपोझिटर? आमचे खिळेकाका?" त्या म्हणाल्या. "गेले की ते. बारा वर्षं झाली. सोन्यासारखा हात होता हो! पण पेपर फोडला म्हणून बोभाटा झाला आणि मग कोणी उभं केलं नाही. शेवटी इथे बसून माझ्याबरोबर वह्या शिवल्या त्यांनी. खिळ्यांची सवय जाईना. शिवतानासुद्धा ओठ हलायचे, उलटं वाचल्यासारखे."

"आणि मुलगा?"

"तो राहिला शेवटी छपाईतच. बापाचा हात उतरलाय. पोरगा भला आहे. तुम्ही कोण त्याच्या?"

"त्याची शिक्षिका होते."

"अगबाई! मग तुम्ही भेटलात तर किती आनंद होईल त्याला!"

पत्ता विचारायचा होता. विचारला नाही. घरी येताना सारखा डोळ्यांसमोर तो येत होता, कुठल्या तरी यंत्रापाशी, हात कोपरापर्यंत शाईने काळे. तिसऱ्या बाकावरून वर येणारा तोच हात.

११ फेब्रुवारी

काम थांबवून चालत नाही. मधल्या प्रकरणांची प्रूफं परत गेली. आज सातवं आलं, सिम्प्सनचं. माझी पद्धत ठरलेली: डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे प्रूफ, ओळीखाली पट्टी.

उदाहरण ७.३ म्हणजे तेच नऊ आकडे. पहिल्या आवृत्तीपासून तिथे आहेत. का घातले होते? बहुधा त्याचं उत्तर कुठे तरी बरोबर म्हणून छापलं जावं, असं वाटलं असेल. तेवढ्याने माझं काही जात नव्हतं. त्या रांगेवरून माझी नजर नेहमीच जरा लगबगीने जाते. आज भीड चेपावी म्हणून प्रुफावरून इथे उतरवून काढते: ४२, ६०, ९४, १५०, २४३, ३५२, ५१०, ७१४, ९७०. उत्तर २५९७.३३. सगळं जागच्या जागी आहे.

समासात पुन्हा पेन्सिल: "हे एकदा करून पाहावे."

आता मात्र हद्द झाली. मी लाल शाईत लिहिलं, "हे मी हजारदा केले आहे. छापावे." खाली सही केली. एक प्रत ठेवून घेतली आणि प्रूफ दुपारच्या टपालाने पाठवलं.

२० फेब्रुवारी

नवा विभाग पुरा झाला. शेवटी तेच उदाहरण घेतलं. दुसरं कुठलंही घेतलं असतं तरी हेच आठवत राहिलं असतं. मजकूर असा: "एका परीक्षेत मुद्रणदोषामुळे २३४ ऐवजी २४३ छापले गेले. एका विद्यार्थ्याने फरकांच्या कोष्टकावरून ही चूक ओळखली." पुढे कोष्टक, पंखा, नियम. सकाळी प्रकाशिकेकडे पाठवून दिला. छातीवरचं ओझं उतरलं असं वाटलं. चहा दोनदा मागितला.

बहिणीने कच्ची प्रत वाचली. गणित सोडून मजकूर वाचायची तिची सवय आहे.

"'एका विद्यार्थ्याने ओळखली.' बस्स? आणि मग त्याला काय, बक्षीस मिळालं?"

"गणिताचं पुस्तक आहे ते."

"मुद्रणदोष म्हणजे कोणाचा गं दोष?"

"छापखान्याचा."

"हं," ती म्हणाली. तिच्या 'हं'ला डॉक्टरसुद्धा घाबरत.

२४ फेब्रुवारी

आजचं आजच लिहिते.

नव्या विभागात मी लिहिलं आहे, "उदाहरण ७.३ मधील आकड्यांचे तिसरे फरक सर्वत्र सहा येतात, ते वाचकाने पडताळावे." वाचकाला सांगायचं तर आधी स्वतः पडताळावं, म्हणून सातव्या प्रकरणाची ठेवलेली प्रत काढली आणि छापील रांगेवरूनच फरक मांडायला घेतले.

६.

१५.

वाटलं, वजाबाकी चुकली. पुन्हा केली. १५. मग −२१, ३३. पुढचे दोन मांडावे लागले नाहीत, मला पाठ आहेत.

प्रुफात २४३ आहे. माझ्या सहीचं, लाल शाईतलं प्रूफ. "हे मी हजारदा केले आहे." ही वही मागे उलटून पाहिली तर अकरा तारखेला इथेही मी माझ्या हाताने २४३ लिहिलं आहे. आकडा आकडा उतरवला आणि पाहिला नाही.

चारशे पानांच्या पुस्तकात एकही चूक न करणाऱ्या माणसाने नेमकी हीच चूक केली होती आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, करून पाहावे.

२५ फेब्रुवारी

सकाळी कचेरी उघडताच प्रकाशिकेला फोन केला.

"अक्षरजुळणी कोण करतं?"

"का बाई, काही चुकलं का? खूप जुने आहेत ते आमच्याकडे. गणिताचं काम त्यांच्याशिवाय कोणाला देतच नाही."

"नाव काय त्यांचं?"

"पान दोनवर आहे की. मुद्रक, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, सगळ्यांची नावं असतात. तुम्ही सही करून पाठवलंत ते पान."

पान दोनची प्रत काढली. ते पान कोण वाचतं? मी कधीच वाचलं नाही. 'अक्षरजुळणी' या शब्दापुढे नाव होतं, हजेरीपटावर लिहिलेलं असायचं तसंच, आडनाव आधी. त्या दोन शब्दांवरही मी सही केली होती.

पत्ता घेतला. या वेळी विचारला.

२७ फेब्रुवारी

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. जिना अरुंद, अंधारा. दार त्यानेच उघडलं. बावन्न वर्षांचा माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला, हात स्वच्छ. शाई कुठेही नव्हती.

"या बाई. जिना वाईट आहे, आधी सांगायला हवं होतं."

"तुम्ही..." मी सुरुवात केली.

"तू म्हणा. वर्गात तू म्हणायचात. समितीसमोर पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालात, तेव्हाच कळलं होतं माझं काय होणार ते."

मी बसले. पाठ केलेलं सगळं विसरले. टेबलावर संगणक, भिंतीला लागून पुस्तकांची थप्पी. त्यात माझ्या दोन्ही आवृत्त्या होत्या, वापरून मऊ झालेल्या. खिडकीत कागदांवर वजन म्हणून खिळे जुळवायची जुनी लोखंडी पट्टी ठेवली होती.

"मुद्दाम लावलास तो आकडा?"

"नाही बाई. खरं सांगतो, बोटं आपोआप तशी पडली. मग दिसला. पुसणार होतो. म्हटलं, राहू दे, बाईंना विचारू या. निदान या वेळी तरी करून पाहतील."

"आणि मी सही केली."

"लाल शाईत." तो हसला. अगदी मोकळं. "हजारदा! ते वाचून मी इतका हसलो की खालचा सायकलवाला वर आला."

मला तिथेच थांबता आलं असतं. तो हसत होता. पण औषध चुकलं की आधी सांगायचं असतं.

"मला तेव्हाच कळलं होतं," मी म्हणाले. "हुकूम निघाल्यावर आठ दिवसांनी मी कोष्टक मांडलं होतं. तू बरोबर होतास. आणि प्रुफावर सही माझी होती. तो कागद माझ्या खणात होता."

त्याचं हसू एकदम गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं, विसरून राहिल्यासारखं.

"आठ दिवसांनी," तो म्हणाला.

"हो."

"मी इतकी वर्षं समजत होतो की तुम्हाला कळलंच नाही."

खालून पंपाचा आवाज येत होता. कोणी तरी चाकात हवा भरत होतं.

"बाबांना वाटायचं की मी त्यांच्या पिशवीतला कागद पाहिला," तो म्हणाला. "कधी रागावले नाहीत. पोराने केलं, आपण गप्प बसावं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी त्यांना कोष्टक मांडून दाखवलं. वजाबाकी त्यांना यायची. पण म्हणायचे, अरे, आकडा काय उठून सांगतो का, मी चुकलोय म्हणून? मी म्हणायचो, बाबा, बाईंना माहीत असतं तर त्यांनी नक्की सांगितलं असतं. बाई कडक आहेत, पण खोट्या नाहीत."

माझी नजर खिडकीतल्या लोखंडी पट्टीवर गेली.

"तुमचं ऐकलं असतं त्यांनी," तो म्हणाला. "बारा वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलं असतं."

मी म्हणाले, "नव्या विभागात मी तुझं नाव घालते. पूर्ण नाव."

"नको. नाव आहे माझं पान दोनवर. तेवढं पुरे. एक शब्द तेवढा बदला." त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. नवा विभाग जुळवून झाला होता. त्याने बोट ठेवलं: मुद्रणदोषामुळे. "खिळे बाबांच्या हातून उलटे लागले. मी नाही म्हणत नाही, तेही म्हणाले नव्हते. पण प्रूफ कशासाठी असतं, बाई?"

"तपासण्यासाठी."

"आणि सही?"

तोंडी परीक्षेत उत्तर येत नसलं की मुलं माझ्यासमोर जमिनीकडे बघायची. मला त्याचा फार राग यायचा.

त्याने चहा विचारला नाही. बरोबरच आहे. पण निघताना जिन्यातला दिवा लावला आणि मी खाली पोचेपर्यंत वर उभा राहिला.

५ मार्च

कॉलेजात गेले. प्राचार्यांना पत्र लिहिलं होतं: काय घडलं, कोणाची चूक, मी काय लपवलं. विनंती एकच, त्या विद्यार्थ्यावरचा आणि त्याच्या वडिलांवरचा ठपका मागे घेतल्याचं लेखी द्यावं.

कारकून तरुण होता. पत्र वाचून गोंधळला.

"बाई, वीस वर्षांवरचं दप्तर रद्दीत जातं. नियमच आहे. ज्यावर ठपका होता तो कागदच नाही, मग मागे काय घेणार?"

"मग नवीन कागद करा."

"एकतीस वर्षं झाली, बाई. आता काय फरक पडतो?"

"सहाचा," मी म्हणाले.

त्याला वाटलं असेल, म्हातारी भ्रमिष्ट झाली. पत्राची पोच शिक्का मारून घेतल्याशिवाय मी हलले नाही.

१४ मार्च

शेवटचं प्रूफ आलं. नवा विभाग मी पुन्हा लिहून दिला होता. आता तिथे असं आहे:

"एका परीक्षेत प्रस्तुत लेखिकेने प्रूफ न पाहता सही केल्यामुळे २३४ ऐवजी २४३ छापले गेले. एका विद्यार्थ्याने फरकांच्या कोष्टकावरून ही चूक ओळखली व दुरुस्त केली. त्याने छापण्यापूर्वीचा कागद पाहिलेला नव्हता. त्याचे उत्तर बरोबर होते. लेखिकेने ते अप्रामाणिक ठरवले, आणि खरे कळल्यानंतरही एकतीस वर्षे सांगितले नाही. ते कोष्टक पुढीलप्रमाणे."

प्रकाशिकेचा फोन आला. "बाई, गणिताच्या पुस्तकात हे? लोक काय म्हणतील?"

"विभागाचं नाव काय आहे?"

"कोष्टकातील चूक शोधणे."

"मग? शोधली."

बहिणीने परिच्छेद दोनदा वाचला. या वेळी 'हं' म्हणाली नाही. चष्मा पुसत बसली.

प्रूफ तपासायला घेतलं ते पान दोनपासून. तिथलं नाव मोठ्याने वाचलं. मग सातवं प्रकरण, उदाहरण ७.३. पाचवा आकडा २३४ आहे. समासात या वेळी पेन्सिलीची एकही खूण नाही. संबंध प्रुफात कुठेच नाही. त्याला मला काही विचारायचं उरलेलं नाही.

वेगळा कागद घेतला नाही. त्याच पानाच्या समासात, लाल शाईत, नऊ आकड्यांचे फरक मांडले. पहिले आठ, दुसरे सात, तिसरे सहा. जागा पुरेना, तर पान आडवं केलं. सहा, सहा, सहा, सहा, सहा, सहा.

कच्चं काम तसंच राहू दिलं. त्याच्या खाली सही केली.